समुद्रातल्या सस्तन प्राण्यांचं वर्कशॉप, कोथरूड: मुलांना घेऊन नक्की जा

रविवारी लेकाला घेऊन कोथरूडला या वर्कशॉपला गेले होते, चौथीत आहे तो, सासूबाई पण आल्या होत्या. दोन तास, फी ३०० रुपये, आणि पैसे वसूल.

सुरुवातीच्या स्लाइड्स ठीकठाक. खरी गंमत बर्फाच्या बादलीत. एका पिशवीत डालडा, आत दुसरी पिशवी उलटी करून बसवलेली, म्हणजे हात चिकट होत नाही पण सगळ्या बाजूंनी डालड्याचा थर. एक हात त्यात, दुसरा नुसत्या पिशवीत, दोन्ही बर्फाच्या पाण्यात. नुसता हात लेकाने अर्ध्या मिनिटात ओढून काढला, आणि डालड्यातला आरामात आत, 'आई, हा गारच नाही पडत!' सासूबाईंनी पदर खोचून हात घातला तो काढेनात. पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं हे वाचलं होतं, पण हाताला कळलं ते तिथे. बोहेड व्हेलच्या अंगावर असाच चरबीचा थर, म्हणजे ब्लबर, दीड फुटापर्यंत जाड असू शकतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते सी ऑटर, म्हणजे समुद्रातलं पाणमांजर. त्याला ब्लबरच नाही, सगळी भिस्त केसांवर, जिथे दाट तिथे एका चौरस सेंटीमीटरला लाखाच्या वर केस, आपल्या अख्ख्या डोक्यावर असतात साधारण तेवढे. त्यात हवा अडकते म्हणून कातडी कोरडी राहते. मग वर्कशॉप घेणाऱ्या ताईंनी खोट्या फरच्या तुकड्यावर चमचाभर तेल ओतलं, केस गठ्ठ्यागठ्ठ्याने चिकटले आणि खालचा टिश्यू पेपर लगेच ओला. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं तेव्हा हजारावर ऑटर मेले त्याचं एक मोठं कारण हेच. लेक म्हणाला, मग साबणाने धुवायचे ना! ताई म्हणाल्या, धुतात रे, पण केसांचं स्वतःचं तेलही जातं, ते परत यायला दिवस लागतात. लेक घरी येईपर्यंत तेच विचारत होता.

तक्रार एकच, तीसेक मुलं आणि बादल्या दोनच, शेवटच्या मुलांपर्यंत बर्फ निम्मा वितळलेला. त्यात वेळ गेला आणि डॉल्फिनची कातडी पाच मिनिटांत उरकली, दर दोनेक तासांनी वरचा थर झडून नवा येतो एवढं सांगून पुढे, मला ते अजून ऐकायचं होतं.

जाणार असाल तर लवकर पोचून पहिल्या गटात नंबर लावा, आणि जुना टॉवेल न्या, आमच्या शेजारच्या मुलाची पिशवी फाटली आणि कोपरापर्यंत डालडा.