चारशे वीस युरोंची चार चाके

हे लिहायला मला जवळजवळ चार महिने लागले, आणि त्याचे कारण वेळेचा अभाव नसून लाज हे आहे. दक्षिण जर्मनीतील ज्या कंपनीत मी नोकरी करतो, तेथे माझे काम मोटारींच्या ब्रेक-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर तपासण्याचे आहे. कोणते चाक किती वेगाने फिरते आहे आणि त्यांच्यात किती फरक पडला की यंत्रणा गोंधळते, हेच आकडे दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे असतात. अशा माणसाने दोन वेगवेगळ्या मापांची चाके एकच संच समजून, रोख पैसे मोजून, स्वतःच्या गाडीत भरून घरी आणली.

गाडी मी २०२४च्या उन्हाळ्यात घेतली. सातव्या पिढीची जुनी फोक्सवॅगन गोल्फ, २२५/४५ आर १७ मापाच्या उन्हाळी टायरांवर उभी. हिवाळी चाके आधीच्या मालकाने दिली नाहीत, आणि मीही मागितली नाहीत. तो आमचा या देशातील गाडीसह पहिलाच हिवाळा होता. जर्मनीत हिवाळी टायरांसाठी ठरावीक तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तेव्हा ते हवेतच, असे कायदा सांगतो, आणि लोक ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर), असा ठोकताळा पाळतात. नियम मोडल्यास ६० युरो दंड आणि वाहनचालकाच्या नोंदीत एक दंडगुण. मी नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबलो. तोवर गॅरेजवाले तीन-चार आठवड्यांनंतरच्या वेळा देऊ लागले होते, मुलीला रोज सकाळी पाळणाघरात सोडायचे होते आणि पुढच्या आठवड्यात बर्फाचा अंदाज होता. घाईत असलेला माणूस ठगाला लांबूनच ओळखू येतो, पण ही घाई चैनीची नव्हती, एवढे तरी मला म्हणू द्या.

मापाचा अभ्यास मी केला नव्हता, असेही नाही. गाडीच्या नोंदणीपत्रात १५.१ आणि १५.२ या रकान्यांत पुढच्या व मागच्या टायरांचे माप लिहिलेले असते. माझ्या पत्रात तेथे २०५/५५ आर १६ ९१एच असे आहे (९१एच ही टायरला पेलणाऱ्या भाराची व वेगाची खूण), गाडी मात्र सतरा इंची चाकांवर उभी होती. येथे अनेकांचा गोंधळ उडतो. नोंदणीपत्रात परवानगी असलेल्या मापांपैकी एकच छापलेले असते. पूर्ण यादी ‘सीओसी’ नावाच्या, उत्पादकाच्या अनुरूपता-प्रमाणपत्रात असते, आणि तो कागद वापरलेली गाडी घेतानाच मागून घ्यावा. मी गणितही केले होते. २०५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के म्हणजे पावणेएकशे तेरा मिलिमीटर उंचीची बाजू, ती दुप्पट करून त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिळवले की ६३१.९ मिलिमीटर व्यास येतो. सतरा इंची उन्हाळी चाकाचा व्यास ६३४.३. फरक नगण्य. शिवाय हिवाळ्यात थोडा अरुंद टायर आणि लहान रिम स्वस्तही पडते. एका मित्राने पंधरा इंची घेण्याचा सल्ला दिला होता, पण मोठ्या ब्रेकवर पंधराची रिम बसतेच असे नाही, हे मला ठाऊक होते. म्हणजे पाहा, मला सगळे ठाऊक होते.

जाहिरात ओळखीच्याच धाटणीची होती: ‘गोल्फ ७ साठी चार हिवाळी चाके, रिमसह, २०५/५५ आर १६ ९१एच, डॉट ३५२२, सात मिलिमीटर नक्षी शिल्लक, गाडी विकल्यामुळे देणे आहे, फक्त स्वतः येऊन न्या, रोख.’ डॉटच्या शेवटच्या चार अंकांत टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष असते. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. सोबत चार छायाचित्रे. हे टायर वापरलेल्या मालाच्या मानाने जवळजवळ नवे होते आणि किंमत ४५० युरो. आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे, हे वाचून वाचून पाठ झालेले असते. हा तर आगाऊ काहीच मागत नव्हता, उलट ‘या, बघा आणि मगच घ्या’ म्हणत होता, आणि त्यामुळेच माझा संशय झोपी गेला.

फोनवर मी भाव कमी करण्याची विनंती केली. तो म्हणाला, “तुम्हीच सांगा.” मी म्हणालो, “चारशे वीस.” तो लगेच तयार झाला. मराठी माणसाच्या तोंडून, स्वतःच्या फसवणुकीचा भाव म्हणून, नेमका हा आकडा निघावा! त्याच वर्षी १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणुकीचे कलम आता ३१८ झाले आहे, पण आपल्या भाषेत ते चारशेवीसच राहणार, आणि माझ्या घरात तर ते कायमचे राहिले आहे. माझी पत्नी त्यावर काही बोलत नाही. ती फक्त आकडा उच्चारते.

१४ नोव्हेंबरला, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला, ६४ किलोमीटर गाडी हाकून मी एका बंद झालेल्या दुकानाच्या वाहनतळावर पोहोचलो. नोव्हेंबरात तेथे पाचच्या आधी सूर्य मावळतो. घरचा पत्ता त्याने दिला नव्हता. ‘आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा नसते’ हे त्याचे म्हणणे मला अगदी पटले होते. चारही चाके काळ्या पिशव्यांत घालून त्याच्या व्हॅनमध्ये एकावर एक रचलेली होती. त्याने वरची पिशवी उघडली. मी मोबाइलच्या उजेडात माप वाचले, डॉट वाचला, डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असलेले, खऱ्या हिवाळी टायरचे चिन्ह पाहिले, नक्षीच्या खाचेत एक युरोचे नाणे घालून खोलीचा अंदाज घेतला. सगळे जाहिरातीप्रमाणे. दुसऱ्या पिशवीची गाठ सोडू लागलो तेव्हा तो म्हणाला, “चारही सारखीच आहेत, पण तुम्हाला हवे तर सगळी उघडून बघा.” आणि घड्याळाकडे पाहिले.

त्या वाक्यावर मी थांबलो. ‘हवे तर बघा’ असे म्हणणाऱ्यासमोर चारही पिशव्या उघडून बसणे मला अप्रशस्त वाटले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपण कंजूष आणि संशयी दिसू नये, अशी एक खोल भीती आपल्यात असते, आणि तीवर या लोकांचा धंदा चालतो. माझे बाबा साताऱ्याच्या बाजारात बैल घ्यायला गेले की मालक कितीही ओळखीचा असो, दोन्ही बैलांचे दात मोजल्याशिवाय सौद्याचा रुमाल टाकत नसत. एकाचे मोजले म्हणून दुसऱ्याचे सोडले, असे कधी झाले नाही. त्यांचा मुलगा एकाचे दात मोजून चार घेऊन आला. पैसे दिल्यावर विक्रेत्याच्या व्हॅनच्या नंबरपाटीचे छायाचित्र घ्यावे, असे पत्नीने निघताना दोनदा बजावले होते. तेही मला शिष्टाचाराला धरून वाटले नाही.

सोमवारी सकाळी गॅरेजमध्ये, रद्द झालेल्या एका वेळेत, गाडी वर उचलली गेली. मेकॅनिकने पिशव्या काढल्या, चारही चाके भिंतीला टेकवून ठेवली आणि काही न बोलता मला बोलावले. पहिले चाक ठीक होते. दुसरे मापाने बरोबर, पण डॉट १११४, म्हणजे २०१४ सालचे, आणि त्यावर फक्त ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अशी अक्षरे. हिमकणाचे चिन्ह नाही. केवळ ती अक्षरे असलेले जुने टायर जर्मनीत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच हिवाळी म्हणून चालत होते. त्यानंतर असा बाद माल कोठेतरी खपवायचाच होता, असा माझा तर्क आहे. तिसरे आणि चौथे तर २०५/६० आर १६, डॉट २०१३ सालचा. साठ आणि पंचावन्न, एवढाच फरक. अंधारात, काळ्या रबरावर, काळ्या अक्षरांत. पण व्यास ६५२.४ मिलिमीटर होतो, म्हणजे सव्वातीन टक्के मोठा. एका आसावर ही आणि दुसऱ्यावर ती लावली असती, तर एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेला, चाकांच्या वेगात कायमचा फरक दिसला असता, आणि तो फरक काय करतो हे सांगण्यासाठी मला पगार मिळतो. त्या दोन रिमांची बोल्टची छिद्रे माझ्या गाडीशी जुळत होती, पण मधले भोक ६६.६ मिलिमीटरचे होते आणि गोल्फला ५७.१ लागते, म्हणजे ती दुसऱ्याच कोणत्यातरी गाडीची होती. चारही रिमांवर मात्र एकसारख्या, कोऱ्या करकरीत व्हीलकॅप बसवल्या होत्या आणि रबर काळ्या पॉलिशने चमकवले होते. एवढी मेहनत त्याने केली होती.

त्या रात्री मी जाहिरातीतली छायाचित्रे पुन्हा उघडली. चारही चित्रांत व्हीलकॅपच्या कडेला एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा होता. एकच चाक, चार वेळा फिरवून टिपलेले. ही चित्रे मी घेण्याआधी किमान दहा वेळा पाहिली असतील. चाके घेणाऱ्याने चित्रांत चार वेगवेगळे डॉट दिसतात का, एवढे तरी बघावे, आणि दिसत नसतील तर प्रत्येक चाकाच्या बाजूचे स्वतंत्र छायाचित्र मागावे. जो कुरकुर करेल त्याचा नाद सोडावा.

हिशेब सांगतो. चाकांचे ४२० युरो, गॅरेजच्या वाया गेलेल्या वेळेचे ३५, बाद टायरांच्या विल्हेवाटीचे तीन गुणिले ४ म्हणजे १२. एकूण ४६७ युरो. इंधन मोजत नाही. त्यानंतर नवे टायर, लोखंडी रिमा आणि बसवणावळ मिळून ७०० युरो पडले, पण तो खर्च मुळातच करायला हवा होता, म्हणून तो तोट्यात धरत नाही. पत्नी धरते.

आता अधिकाऱ्यांविषयी. विक्रेत्याचा फोन बंद, खाते गायब. जाहिरातीच्या संकेतस्थळाने तीन दिवसांनी कळवले की व्यवहार दोन खाजगी व्यक्तींमधला असून ते केवळ माध्यम आहेत, आणि ‘माहिती संरक्षणामुळे’ खातेदाराविषयी काही सांगू शकत नाहीत. फसवणाऱ्याच्या माहितीचे संरक्षण या देशात उत्तम होते. पोलीस ठाण्यात चाळीस मिनिटे बसल्यावर तेथील अधिकाऱ्याने विचारले, “लेखी करार आहे का?” नव्हता. “पावती?” नव्हती. “गाडीचा नंबर?” तोही नव्हता. मग त्यांनी मला समजावले की खाजगी विक्रेता मालाची हमी नाकारू शकतो, हा दिवाणी वाद वाटतो. मी म्हणालो की हमी नाकारणे वेगळे आणि जाणूनबुजून खोटे सांगणे वेगळे, दुसऱ्या बाबतीत हमी नाकारल्याचा त्याला उपयोग नाही, आणि फसवणूक हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २६३ खाली गुन्हा आहे. “अगदी बरोबर,” ते म्हणाले, “पण ते कोणाविरुद्ध?” मी चाकेच पुरावा म्हणून आणतो म्हटले, तर ठेवायला जागा नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी तक्रार ऑनलाइन करा, असे सांगून त्यांनी पत्त्याचा कागद दिला. तीच तक्रार, तोच मजकूर, पुन्हा सहा पाने. छायाचित्रे पाचपेक्षा जास्त जोडता येत नाहीत, म्हणजे एका चाकाला सव्वा छायाचित्र. ग्राहक सल्ला केंद्राने सांगितले की त्यांचे काम व्यापाऱ्यांविरुद्ध असते, खाजगी माणसाविरुद्ध नाही. माझा कायदेशीर खर्चाचा विमा ऑक्टोबरात सुरू झाला होता आणि त्याला तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ होता. जानेवारीच्या अखेरीस सरकारी वकिलांच्या कार्यालयाचे दोन परिच्छेदांचे पत्र आले: आरोपीची ओळख पटू शकली नाही, तपास थांबवण्यात येत आहे. ज्या फोन नंबरवर मी त्याच्याशी चार वेळा बोललो तो मी तक्रारीत ठळक अक्षरांत दिला होता. त्याचा पत्रात उल्लेखही नाही.

साधा एक पानी करार, दोघांची सही, विक्रेत्याच्या ओळखपत्रावरचे नाव, आणि त्यात चारही टायरांचे माप व डॉट. एवढे असते तर निदान ‘कोणाविरुद्ध’ या प्रश्नाला उत्तर असते. भेटायचे तर दिवसाउजेडी आणि त्याच्या घरी. आणि घरी फोन करून सांगावेच लागले, तेव्हा बाबांना जुन्या टायरवर नवी नक्षी चढवून विकले जाणारे ‘रिमोल्ड’ आठवले. ते एवढेच म्हणाले, “अरे, रिमोल्ड तरी सांगून विकतात.”

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, लोक हिवाळी चाके विकायला काढतात तेव्हा, मी सवयीने जाहिराती चाळत होतो. ‘गोल्फ ७ साठी चार हिवाळी चाके, डॉट ३५२२, फक्त रोख’, नाव वेगळे, गाव वेगळे, किंमत ३९०. छायाचित्रे तीच चार, व्हीलकॅपच्या कडेला तोच ओरखडा. ते चाक माझ्या तळघरात आहे; मी खाली जाऊन खात्री करून आलो. संकेतस्थळाला कळवले, त्यांचे ठरावीक आभाराचे उत्तर आले. पोलिसांना फोन केला, तर आधीचा क्रमांक बंद झाला असल्याने नवी तक्रार नोंदवावी लागेल, आणि ती, ज्याची फसवणूक झाली आहे त्यानेच करायची, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी जाहिरातीवर ‘आरक्षित’ अशी पट्टी होती.