किलोभर चिवडा, तीन किलोचं बिल : कुरिअर निवडताना कंपनीचा ताळेबंदही बघा

दिवाळीच्या तोंडावर वहिनींचा फोन. नाशिकच्या सिडकोतल्या घरातून त्या मनुके आणि चिवडा विकतात, पार्सलं पुण्या-मुंबईपासून इंदूरपर्यंत जातात. "भाऊजी, किलोभर चिवड्याला तीन किलोचे पैसे कापलेत. काटा माझा बिघडलाय की त्यांचा?"

काटे दोन्ही बरोबर होते. खाजगी कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात, 5000 ने भागतात आणि हे व्हॉल्युमेट्रिक वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्यावरच बिल लावतात. 30 बाय 25 बाय 20 चं खोकं म्हणजे 3 किलो, आत चिवडा असो की हवा. मनुके जड, कमी जागेत मावतात, त्यामुळे त्यांना हा मार बसत नाही. नियम जुनाच आहे; कंपनीला पैसे वाचवायची घाई झाली की टेप जरा जास्त ताणून धरली जाते, एवढंच माझं निरीक्षण.

दर सगळेच बघतात. मी त्याआधी कंपनीची पैशांची अवस्था बघतो, कारण सीओडीत (कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे) गिऱ्हाइकाने दिलेली रोकड आधी कुरिअरकडे जमते आणि मग आपल्याकडे येते. द्राक्षं उचलून नेलेला व्यापारी पैसे द्यायच्या वेळी गायब झाला की काय होतं, हे निफाड-दिंडोरीकडे कुणाला समजावून सांगायला नको.

इकॉम एक्सप्रेसचंच घ्या. ब्लू डार्ट कुरिअरमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी 2012 मध्ये काढलेली कुरिअर कंपनी. ऑगस्ट 2024 मध्ये 2,600 कोटींच्या आयपीओचे, म्हणजे शेअर बाजारात उतरायचे, कागद सेबीकडे दिले. पण निम्म्याच्या आसपास धंदा एकाच बड्या गिऱ्हाइकावर उभा होता. त्या गिऱ्हाइकाने, म्हणजे मीशो या ऑनलाइन बाजाराने, स्वतःची वाल्मो ही डिलिव्हरी सेवा वाढवली आणि इकॉमची पार्सलं आटली. एप्रिल 2025 मध्ये दिल्लीवरी या दुसऱ्या कुरिअर कंपनीने सुमारे 1,407 कोटींत कंपनी विकत घ्यायचं जाहीर केलं. अमेरिकेत उलटा प्रकार: यूपीएस या कुरिअर कंपनीने आपणहून अ‍ॅमेझॉनची पार्सलं निम्म्याहून कमी करायचं ठरवलं, कारण ढीग मोठा होता पण सुटत काही नव्हतं. त्यापायी 2025 मध्ये 20,000 नोकऱ्या कमी करण्याची आणि 73 इमारती बंद करण्याची घोषणा झाली. एकाच व्यापाऱ्याला सगळा बाग देऊ नये, हे त्यांना जरा उशिरा कळलं.

आता पर्याय. दिल्लीवरीने 2022-23 मध्ये हजार कोटींच्या वर तोटा दाखवला होता. 2024-25 मध्ये पहिल्यांदा वर्षभराचा नफा झाला, सुमारे 162 कोटी. म्हणजे सीओडीचे पैसे बुडतील अशी धास्ती आज तरी नाही. माझी शंका वेगळी आहे. 2021 मध्ये त्यांनी स्पॉटऑन ही मालवाहतूक कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी दोन जाळी जोडताना मोठ्या मालाची घडी विस्कटली. इकॉमच्या वेळी तसं होणार नाही असं मी धरून चालणार नाही. छोटं घरगुती पार्सल, सीओडी, दूरची गावं यासाठी मात्र सोयीचं हेच.

ब्लू डार्ट महाग. मागे डीएचएल, स्वतःची मालवाहू विमानं, आणि कंपनी नफ्यात. खर्च वाढला की ते सरळ दर वाढवतात; 2025 च्या जानेवारीत 9 ते 12 टक्के वाढवले. वाढ आधी सांगून येते, त्यामुळे हिशेब बसवता येतो. येवल्याची पैठणी पाठवायची असेल तर मी दुसरीकडे जाणार नाही. तीनशे रुपयांच्या चिवड्याला मात्र हा थाट परवडत नाही.

पोस्टाचा खर्च उत्पन्नापेक्षा कितीतरी जास्त आहे, पण फरक सरकार भरतं, तेव्हा ते बंद पडायची काळजी नको. काटकसर तिथेही दिसते: सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दर बदलले. पैसे आधी आलेले असतील तर अर्धा किलो मनुक्यांसाठी जीपीओची, म्हणजे मुख्य पोस्टाची, रांग झेपते.

डीटीडीसी फ्रँचायझीवर चालते. तुमच्या कोपऱ्यावरचा माणूस चांगला असेल तर उत्तम, नाहीतर कंपनीचा ताळेबंद वाचून उपयोग नाही.

वहिनींना मी सांगितलं: आधी पैसे आलेले मनुके पोस्टाने, सीओडीचा चिवडा दिल्लीवरीने, आणि सीओडीची बाकी आठवड्याच्या विक्रीवर गेली की नवीन पार्सल थांबवायचं. त्यांनी आणखी एक केलं. खोकं 25 बाय 20 बाय 13 चं आणलं. वजन निघालं 1.3 किलो, बिल दीड किलोचं. चिवडा दाबून भरल्यावर चुरा होईल म्हटलं, तर म्हणाल्या, "होऊ दे की. गिऱ्हाइकांना लिहून पाठवते, मिसळीवर टाका."