साताऱ्यातून लॅब-गोल्डन क्रॉस पिल्लू घेतलं, तीन महिन्यांनंतरचा अनुभव

पिल्लू घरी येऊन तीन महिने झालेत, आता लिहायला हरकत नाही. ज्या काकूंकडून घेतलं त्यांचं नाव, नंबर इथं देत नाही, त्यांनीच नको सांगितलंय, शाहूपुरीत राहतात एवढं पुरे. त्यांच्याकडं एकच मादी आहे, मैना, पिवळी लॅब्रेडॉर, आणि नर म्हणजे कराडच्या त्यांच्या ओळखीतल्या घरचा गोल्डन रिट्रीवर. मैनाचं हे पहिलंच वेत, सात पिल्लं झाली, त्यातलं एक आमचं. रंग अगदी कंदी पेढ्याचा म्हणून आईनं नाव पेढाच ठेवलं.

एवढं सविस्तर लिहितोय त्याला कारण आमचा शेरू. सात वर्षांपूर्वी एका पेट शॉपमधून लॅबचं पिल्लू आणलं होतं, ३२ दिवसांचं, आईबाप दाखवले नाहीत आणि आम्ही पण विचारलं नाही, ‘हेवी बोन आहे साहेब’ एवढं ऐकूनच आम्ही खुश. दीड वर्षाचा झाला तसा उठताना कण्हायला लागला, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायचा आणि आम्ही हसायचो, वाटायचं मस्तीत आहे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं. एक्सरे काढला तर दोन्ही खुब्यांचे सांधे ढिले, हिप डिस्प्लेसिया. गोळ्या झाल्या, वजन उतरवलं, फरशीवर चटया टाकल्या, पण शेवटचं वर्षभर त्याला जिन्यावरून दोघांनी उचलून खाली न्यायला लागायचं. गेला तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता.

त्यानंतर दुसरा कुत्रा घ्यायचा विषय निघाला की जो तो एकच सांगायचा, आता प्युअर ब्रीडच्या नादी लागू नका, क्रॉस घ्या, क्रॉसला काही होत नाही. मी काकूंना पहिल्या फोनवर तेच बोललो तर त्या म्हणाल्या, “कुणी सांगितलं तुला? लॅबचे खुबे वाईट, गोल्डनचे पण वाईट, दोन वाईट मिळून एक चांगलं होतं होय? रिपोर्ट बघायला ये, मग पिल्लाचं बोलू.” पिल्लू विकणारा माणूस आधी रिपोर्ट बघायला बोलावतोय हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

गेलो. पिल्लं तेव्हा झालेलीच नव्हती, मैना गाभण होती, त्यामुळं बघायला मैना आणि एक फाइल. फाइलमध्ये पहिला कागद खुब्यांच्या एक्सरेचा, मैनाचा आणि नराचा पण. हा एक्सरे नुसता उभा करून काढत नाहीत, भूल देऊन पाठीवर झोपवतात आणि मागचे पाय सरळ ताणून धरतात, तेव्हा सांधा वाटीत नीट बसलाय की बाहेर सरकलाय ते दिसतं. दोघांचाही दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेला, कारण लहानपणी ठीक दिसणारा सांधा नंतर बिघडू शकतो, अमेरिकेतली ओएफए ही कुत्र्यांच्या सांध्यांना ग्रेड देणारी संस्था पण पक्का ग्रेड दोन वर्षांनंतरच देते. काकूंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली ती मला आवडली, की हे गॅरंटी कार्ड नाही. खुब्याचा आजार एका जीनचा नाही, अनेक जीन मिळून होतो आणि वर खाणं, वजन, गुळगुळीत फरशी यांची भर पडते, म्हणून चांगल्या आईबापाला पण एखादं खराब पिल्लू होऊ शकतं, फक्त शक्यता कमी होते.

दुसरा कागद डीएनएचा, आणि माझे डोळे उघडले ते इथं. टेस्ट साधी आहे, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि प्रयोगशाळेला पाठवायची. आजाराचं नाव पीआरए, त्यातला पीआरसीडी नावाचा प्रकार, डोळ्याचा पडदा हळूहळू मरतो, आधी रात्री दिसायचं कमी होतं आणि मग कुत्रा पूर्ण आंधळा, औषध नाही. हा आजार लॅबमध्येही आहे आणि गोल्डनमध्येही, म्हणजे या क्रॉसमध्ये तो आपोआप जाणार नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा त्या जीनच्या दोन खराब प्रती मिळाल्या तरच पिल्लू आंधळं होतं, एकच मिळाली तर ते नुसतं कॅरियर, स्वतःला काही त्रास नाही. आता रिपोर्टमध्ये मैना क्लिअर, म्हणजे एकही खराब प्रत नाही, आणि नर कॅरियर. मी म्हटलं म्हणजे नर खराब निघाला की. काकूंनी तिथंच पेनानं चार चौकोन काढून दाखवलं, आई क्लिअर असल्यावर प्रत्येक पिल्लाला एक चांगली प्रत मिळतेच, त्यामुळं एकही आंधळं होणार नाही, पण साधारण निम्मी कॅरियर निघू शकतात. दोन्हीकडं कॅरियर असते तर मात्र प्रत्येक पिल्लाला चारात एक एवढा धोका. टेस्ट न करता जमवलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं, आणि कळलं असतं ते पाच सहा वर्षांनी कुणाचा तरी कुत्रा अंधारात भिंतीला धडकायला लागल्यावर. नर कॅरियर आहे हे त्या लपवू शकल्या असत्या, मी काय ओळखणार होतो? पण स्वतःहून पहिलं तेच दाखवलं, मी तिथंच ठरवलं की पिल्लू इथूनच घ्यायचं.

क्रॉसचा फायदा अजिबात नाही असंही नाही. गोल्डनमध्ये इक्थिओसिस असतो, कातडीचे कोंड्यासारखे पापुद्रे निघत राहतात, तो लॅबमध्ये सहसा नसतो, म्हणून क्रॉस पिल्लाला दोन प्रती मिळायचा प्रश्न येत नाही. गाईड डॉग तयार करणाऱ्या संस्था लॅब-गोल्डन क्रॉस मुद्दाम काढतात, पण त्या आईबाप तपासून घेतात. म्हणजे दोन्ही ब्रीडमध्ये कोणते आजार सारखे आहेत ते बघायचं आणि त्यांची टेस्ट करायची. ‘क्रॉस आहे म्हणजे हेल्दी’ म्हणणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारून बघा, काय उत्तर येतं.

तिसरा कागद ब्रुसेला नावाच्या जिवाणूच्या तपासणीचा, मेटिंगच्या आधी दोघांचं रक्त तपासलेलं, कारण ते मेटिंगमधून पसरतं, पिल्लं गर्भातच जातात आणि माणसालाही लागू शकतं. बऱ्याच जणांना याचं नावसुद्धा माहीत नसतं.

बरेच जण ‘पेपर आहेत का’ विचारतात म्हणून सांगतो, क्रॉसला केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर मिळत नाहीत. आणि केसीआयचा पेपर म्हणजे वंशावळ, त्याच्यावर खुबे आणि डोळे ठीक आहेत असं काही लिहिलेलं नसतं, शेरूच्या वेळी आम्ही त्यालाच हेल्थ सर्टिफिकेट समजत होतो.

हॉलमध्ये काकूंचं नोंदणीचं सर्टिफिकेट लावलेलं आहे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं ब्रीडिंग करून पिल्लं विकणाऱ्याला राज्य पशु कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, मादी १८ महिन्यांच्या आत लावायची नाही, वर्षातून एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचच्या वर नाही, आठ वर्षांनंतर नाही, आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. शेरू ३२ दिवसांचा होता, हिशोब तुम्हीच करा. मैना पहिल्यांदा माजावर आली तेव्हा नऊ महिन्यांची होती, काकूंनी ते आणि पुढचे दोन माज सोडून दिले आणि अडीच वर्षांची झाल्यावर लावली.

पिल्लं श्रावणात झाली. पाच आठवड्यांची झाल्यावर बघायला बोलावलं तेव्हा गेटवरच चप्पल काढायला लावली, ब्लीचच्या पाण्यानं भिजवलेल्या पोत्यावर पाय ठेवून आत, हात धुवून मगच पिल्लाला हात. बायकोला जरा जास्तच वाटलं. पण पार्वो नावाचा विषाणू चपलेला लागून येतो आणि जमिनीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाइलनं जात नाही, ब्लीचनं जातो, आणि अर्धवट लसीच्या पिल्लाला लागला तर दोन दिवसात संपवतो. हे ऐकल्यावर ती पण गप्प बसली. पिल्लं मागच्या शेडमध्ये नव्हती, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत होती, कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, टीव्ही, नातवंडांचा दंगा, सगळं त्यांच्या कानावरून जात होतं. तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं त्याची भीती नंतर कमी राहते. आमचा पेढा मिक्सर चालू असताना खाली झोपतो, शेरू पलंगाखाली जायचा.

आमचं एक भांडण म्हणा की रुसवा झाला तो दिवाळीवरून. आठ आठवडे दिवाळीच्या आठवडाभर आधी भरत होते, पोरं नाचत होती, आणि काकू म्हणाल्या दिवाळीनंतर. मी म्हटलं काकू पैसे दिलेत, आठ आठवडे पण झाले. “पैसे परत घेऊन जा, पण नवं घर, आई जवळ नाही आणि दारात सुतळी बॉम्ब, या वयात एकदा घाबरलं की जन्मभर घाबरतं.” भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी आणला. तेव्हा राग आलेला, आता नाही.

सोबत काय काय दिलं तर लसीचं पुस्तक बाटलीच्या स्टिकरसकट, जंताच्या औषधाच्या तारखा दुसऱ्या आठवड्यापासूनच्या, मायक्रोचिपचा नंबर, आईबापाच्या रिपोर्टच्या कॉप्या, मैनाच्या अंगावर फिरवलेलं एक जुनं फडकं, ते जवळ ठेवलं म्हणून पहिल्या रात्री रडला नाही, आणि एक सक्त ताकीद, कॅल्शियमचं सिरप द्यायचं नाही. आमच्याकडं कुत्रा आणला की शेजारी पहिलं तेच सांगतात, हाडं मजबूत होतील म्हणून. मोठ्या ब्रीडच्या पिल्लाला वरून जादा कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ उलट बिघडते. शेरूला आम्ही रोज दोन चमचे द्यायचो.

किंमत २२ हजार. बिनापेपरचं लॅब याच्या निम्म्यात मिळतं, माहीत आहे मला. शेरूच्या एक्सरे-औषधाला याच्या कितीतरी पट गेले आणि त्याचे हाल झाले ते वेगळेच.

आता जे पटलं नाही ते. कोपराचा एक्सरे दोघांचाही नाही, लॅब आणि गोल्डन दोघांत कोपराचा डिस्प्लेसिया असतो, भूल दिलेलीच होती तर त्याच वेळी काढता आला असता. विचारल्यावर काकूंनी मान्य केलं की तेव्हा सुचलं नाही. करारपत्र दोन पानी इंग्रजीत, त्यात नसबंदीची अट आहे, निम्मी पिल्लं कॅरियर असू शकतात म्हणून अट बरोबरच आहे आणि सांधे तयार होईपर्यंत म्हणजे वर्ष दीड वर्ष थांबा असंही लिहिलंय, पण आईला त्यातलं अक्षर वाचता आलं नाही, मराठीत द्यायला काय हरकत होती. पिल्लू आपण निवडायचं नाही, त्या स्वभाव बघून देतात, आमच्या पोरीला दुसरंच आवडलं होतं, ती दोन दिवस नाराज होती. आणि कोणतं फीड चालू आहे ते सांगायचं राहून गेलं, आम्ही दुसरं सुरू केलं आणि चार दिवस पातळ जुलाब, रात्री फोन केला तर उचलला मात्र पहिल्या रिंगला.

पाचात साडेचार देईन. अर्धा कोपराचा कापला.

कालच बोलणं झालं, मैनाचं पुढचं वेत यंदा नाही. पुढच्या वर्षीसाठी दुसरा नर बघतायत, त्याच्या मालकाला कोपराच्या एक्सरेला घेऊन चला म्हटलंय, तो अजून हो म्हणाला नाही, तोपर्यंत त्यांच्याकडं नाव लिहून घेणं बंद आहे.