आसोद्याची भरताची वांगी विमानाने दुबईला: एमिरेट्स कार्गोचा अनुभव
दोन सीझन झाले आम्ही जळगावहून दुबईला जवळच्या आसोदा गावची भरताची वांगी पाठवतोय आणि सगळा माल एमिरेट्स स्कायकार्गोनेच जातो, म्हणून लिहितोय. आपल्याकडची केळी जहाजाने जातात, त्यांना ते जमतं, पण वांगं तीन-चार दिवसांत मऊ पडतं, त्याला विमानच पाहिजे.

आपला माल वेगळ्या कार्गो विमानाने जात नाही, मुंबई-दुबई पॅसेंजर फ्लाइटच्या पोटातच जातो, वर माणसं आणि खाली वांगी. त्यामुळे आजची फ्लाइट हुकली तरी पुढची लगेच मिळते. एअर वेबिलचा, म्हणजे विमानाने माल पाठवल्याच्या पावतीचा, ११ आकडी नंबर मिळतो, १७६ ने सुरू होणारा, तो वेबसाइटवर टाकला की माल टर्मिनलला आला, विमानात चढला, दुबईत उतरला, सगळं दिसतं. मी रात्री जागून बघतो, सवयच लागलीय.

आता भाड्याचं नीट समजून घ्या. खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ६०००, जो आकडा येईल तो आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लागतात. आमचं खोकं ६० बाय ४० बाय ३० चं होतं म्हणजे १२ किलो, आणि काट्यावर भरायचं ९ किलो. वर चार बोटं जागा रिकामीच राहायची, दर खोक्याला ३ किलो हवेचं भाडं भरलं आम्ही पूर्ण एक सीझन! आता उंची २४ वर आणली, ९.६ किलो लागतात.

बुकिंग करतानाच १० ते १२ डिग्री लिहून घ्या. त्याच्याखाली थंडी गेली की वांग्याला डाग पडतात.

आमचं नुकसान झालं ते एअरलाइनमुळे नाही, मुंबईच्या एका एजंटमुळे. फायटोचा कागद, म्हणजे मालात कीड-रोग नाही असा सरकारी दाखला, त्याने उशिरा काढला आणि ४० खोकी रात्रभर शेडमध्ये पडून राहिली, शेतकऱ्याला काय सांगायचं तेच कळेना. तेव्हापासून कागद हातात आल्याशिवाय आम्ही धुळ्याच्या पुढे गाडीच सोडत नाही.

एमिरेट्सला माझ्याकडून ५ पैकी ५. शारजाला बहिणीने मागच्या खेपेचं खोकं उघडलं आणि व्हिडिओ कॉलवर एकेक वांगं दाखवत बसली, देठ हिरवेगार. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजायला मिळत नाही एवढंच तिला वाईट वाटत होतं.