ग्रंथालयातलं अर्ली व्होटिंग आणि आईचं पहिलं मत

पाचपैकी चार तारे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आईला आमच्या उपनगरातल्या ग्रंथालयात अर्ली व्होटिंगला, म्हणजे निवडणुकीच्या दिवसाआधीच मत द्यायला, नेलं होतं. आई ७४ वर्षांची, मूळची सांगलीची. इथलं तिचं हे पहिलंच मत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, आमच्या कुक काउंटीत (शिकागोच्या जिल्ह्यात) हिंदी मतपत्रिका मिळते. भाषा निवडली आणि समोर देवनागरी आली, तेव्हा आईचा चेहराच खुलला. रांगेत तिचे गुडघे दुखायला लागले, तर तिथल्या बाईंनी खुर्ची दिली आणि रांग सरकेल तशी ती स्वतः उचलून पुढे ठेवत राहिल्या. त्यांचे मनापासून आभार.

एक तारा कापला तो मतपत्रिकेवरच्या एका प्रश्नामुळे. वर्षाला १० लाख डॉलरच्या वर जेवढं उत्पन्न असेल तेवढ्यावर ३ टक्के जादा कर लावून तो पैसा घरपट्टी कमी करायला वापरावा, त्यासाठी इलिनॉयची राज्यघटना बदलावी का? आई पडद्यासमोर बराच वेळ थांबली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी हो म्हटलंय गं. आता पुढच्या वर्षी तुझी घरपट्टी उतरेल ना?" आमचं साडेनऊ हजार डॉलरचं बिल फ्रिजवर लावलेलं असतं, ते ती रोज बघते. त्यात सगळ्यात मोठा वाटा शाळांचा.

पार्किंगमध्येच तिला सांगावं लागलं, की आई, हे मत फक्त सल्ल्यापुरतं आहे. इलिनॉयच्या घटनेनुसार आयकराचा दर सगळ्यांना एकच. तो बदलायचा तर आधी दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात, मग पुन्हा लोकांचा कौल. २०२० मध्ये असा बदल मतदारांनीच नाकारला. २०१४ मध्ये शाळांसाठी असाच ३ टक्के कर सुचवला, बहुमताने हो म्हटलं, पण कर काही आला नाही. पुढे निकाल लागला, तेव्हा या वेळीही सुमारे ६० टक्के लोक हो म्हणाले होते.

पार्किंगमध्ये हे ऐकून आईचा चेहरा पडला. "मग विचारलं कशाला?" म्हणाली. मला तरी विचारणं योग्यच वाटतं. सरकारला लोकांचं मन कळायलाच हवं. पण या मताने लगेच काही बदलणार नाही, एवढं सोप्या शब्दांत लिहिलेला एक कागद दाराशी हवा होता. मला तो कुठे दिसला नाही.

घरातल्या मोठ्यांना नेणार असाल तर नमुना मतपत्रिका आदल्या दिवशी चहा घेताना सोबत बसून वाचा. आणि घर ६५ पूर्ण झालेल्यांच्या नावावर असेल, ते तिथेच राहत असतील, तर सीनियर एक्झम्प्शनचा, म्हणजे ज्येष्ठांच्या घरपट्टी सवलतीचा, अर्ज भरलाय का ते बघा. ती सवलत आजही मिळते.