एचिगोया दुकानाचं चित्र: हाताने छापलेली प्रत

सव्वीस वर्षं मी कापडाच्या दुकानात गादीवर बसून तागे उलगडले. त्यामुळे जपानी चित्रकार उतागावा तोयोहारू यांच्या या चित्राची प्रत घरी आली तेव्हा माझी नजर आधी गेली ती गिऱ्हाइकांसमोर बसलेल्या विक्रेत्यांकडे.

मूळ चित्र १७६८ च्या सुमाराचं. दुकान एचिगोया, ठिकाण एदो म्हणजे आजच्या तोक्योमधला सुरुगाचो भाग. मित्सुई ताकातोशी यांनी १६७३ मध्ये एदोत हे कापडाचं दुकान काढलं आणि आगीनंतर १६८३ मध्ये सुरुगाचोला हलवलं. पुढे याच दुकानाचं नाव मित्सुकोशी झालं. १९०४ मध्ये त्यांनी आपण डिपार्टमेंट स्टोअर होत असल्याचं जाहीर केलं.

चित्रात लांबच लांब बैठक आहे. छताच्या तुळया मागे मागे जात निमुळत्या होतात आणि कागद असूनही आपण आत शिरल्यासारखं वाटतं. पाश्चात्त्य यथार्थदर्शनावरून, म्हणजे दूरचं लहान काढून खोली भासवण्याच्या तंत्रावरून, उचललेल्या या पद्धतीच्या चित्रांना जपानीत उकी-ए म्हणतात. पण मी अडकलो तो वरून लोंबणाऱ्या कागदी पट्ट्यांपाशी. आधी वाटलं, मालाची नावं असतील. ती विक्रेत्यांची नावं आहेत! खाली बसलेल्या माणसाचं नाव वर टांगलेलं. शिवाय तिथे एकेका विक्रेत्याकडे एकेका प्रकारचं कापड सोपवलेलं असे. कापड दाखवणं ही कला आहे आणि ती ज्याच्या हातात आहे त्याला नाव आहे, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या चित्रात बघून मला भरून आलं. मी कायम ‘अहो, जरा ते निळं काढा’ होतो.

या दुकानाची दुसरी गोष्ट म्हणजे भाव. तेव्हा एदोतले मोठे कापडवाले श्रीमंतांच्या घरी माल घेऊन जात, उधारी वर्षातून एकदोनदा फिटे आणि ती बुडण्याची भीती किमतीत धरलेली असे. एचिगोयाने रोखीचा एकच भाव ठेवला, वाढवून सांगणं बंद. इतरांकडे एका किमोनोला पुरेल असा साधारण बारा मीटरचा अख्खा तागाच घ्यायला लागे, तो इथे हवा तेवढा फाडून मिळू लागला. घासाघीस नसली की तो वेळ पोत आणि रंग दाखवण्यात जातो. गादीवर बसलेल्या कुणालाही विचारा.

आता प्रतीविषयी. ही नव्याने कोरलेल्या चेरीच्या लाकडी ठशांवरून काढलेली आहे. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, त्यावर ओलसर कोझो कागद (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा) आणि वरून बारेन नावाच्या चकतीने हाताने घासायचं. कागद उलटा केला की रंग मागपर्यंत मुरलेला दिसतो, घासल्याचे गोल वळसेसुद्धा. मी आधी यंत्रावर छापलेलं पोस्टर घेतलं होतं. त्यात पट्ट्यांवरची अक्षरं फुटून ठिपके झाली होती. इथे प्रत्येक फटकारा सुटा आहे. पोस्टरच्या कितीतरी पट पैसे गेले, पण मला ते पटले.

तक्रारी दोन. लाल रंग मला जरा भडक वाटतो. जुन्या प्रती उडालेल्या रंगांत बघून डोळ्यांना तीच सवय झाली असेल, हेही खरं. दुसरी तक्रार गंभीर आहे: विक्रेत्याने चौकटीत बसवताना मागे चिकटपट्टी लावली आणि कागदाचा काठ माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, दाबून टाकला. असा कागद चिकटपट्टीने डागाळतो. घेणार असाल तर चौकटीशिवाय मागवा, गव्हाच्या खळीने कागदी बिजागऱ्या लावून बसवून घ्या आणि उन्हापासून लांब टांगा. सोबतच्या माहितीपत्रकात नावांच्या पट्ट्यांचा उल्लेखही नाही, ते फार वाईट वाटलं.

होकुसाई आणि हिरोशिगे या जपानी चित्रकारांनीही हाच सुरुगाचो रंगवला आहे, मागे फुजी पर्वत घेऊन. दोन्ही चित्रं सुंदर, पण दोघेही बाहेर रस्त्यावर उभे आहेत. मला आत बसलेली माणसं हवी होती.