पुराच्या धास्तीवर घेतलेली थेरपी: दिवाळीपासून पावसाळा संपेपर्यंतचा अनुभव

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं साड्यांचं आणि ब्लाउज शिवून देण्याचं दुकान आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून माणसं वाचली. दुकान पुन्हा उभं राहिलं, पण माझी झोप काही परत आली नाही. गेल्या दिवाळीनंतर मी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे जायला लागले. आता एक अख्खा पावसाळा त्यांच्या मदतीनं काढलाय, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी पुराचा विषय काढलाच नाही. तुम्हाला काय होतंय असं वाटतं, घरचे याला काय म्हणतात, आजवर कशानं बरं वाटलं, एवढंच विचारलं. मी सांगितलं, पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की छातीत धडधडतं, रात्री उठून नदीकाठच्या लोकांना पाणी किती वाढलं म्हणून फोन करते, चिखलाचा वास आला की पोटात ढवळतं. सासूबाई म्हणतात बाधा आहे. हे शेवटचं सांगताना मी बिचकत होते, कारण आधी एका ठिकाणी यावरून मला अंधश्रद्धेवर भाषण ऐकावं लागलं होतं. मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी सासूबाईंना घेऊन या म्हणाल्या. असे प्रश्न विचारायची रीतसर पद्धत आहे, हे नंतर कळलं. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, त्यासाठी 16 प्रश्नांची मुलाखतच दिलेली आहे.

सासूबाई आल्या ती भेट मला सगळ्यात मोलाची वाटते. मॅडमनी त्यांना विचारलं, “आजी, 2005 च्या पुरात तुम्ही घर कसं सांभाळलंत?” सासूबाई खुलल्या. कुठलं सामान आधी माळ्यावर चढवलं, शेजारच्या बायकांनी मिळून भात कसा रांधला, कोण रडत होतं, सगळं सांगत राहिल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी यातलं काही ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात माझं दुखणं चोरून ठेवायची गरज उरली नाही. सासूबाई अजूनही मला अंगारा लावतात. मॅडमनी त्याला कधी हरकत घेतली नाही.

पण म्हणून त्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावतात असं नाही. जोराचा पाऊस असला की दुकान उघडावं का, हे विचारायला मी गावी गुरवांकडे कौल लावायला सांगायचे. मॅडम म्हणाल्या, वर्षाचं गाऱ्हाणं घाला, शिमग्यात पालखी येईल तेव्हा ओटी भरा, त्यानं तुम्हाला धीर येतो. पण रोजचा कौल हा भीती टाळायचा रस्ता झालाय. टाळत राहिलात तर पाऊस पडूनही काही होत नाही, हे मनाला कधी कळणारच नाही. हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की मला देवाचा अपमान झाल्यासारखं वाटलं नाही.

उपचार म्हणाल तर ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या आठवणी आणि त्यातून आलेले विचार-सवयी यांवर काम करणारी थेरपी. आधी श्वास आणि शरीर सैल सोडायचा सराव, मग ती रात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या बोलीत पुन्हा पुन्हा सांगणं. घाई कुठेच नव्हती. पूर ओसरल्यावर लगेच कुणी येऊन ‘सगळं बोलून मोकळ्या व्हा’ म्हणायचं, तसं इथे झालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शिकेतही लोकांना बोलायला भाग पाडू नका असंच सांगितलंय. मग एकेक पायरी: पुराचे फोटो पाहणं, उन्हाळ्यात पुलावरून चालत जाणं, पावसात दुकानात बसणं, खालच्या खोलीत झोपणं.

आणि चिपळूणला पुराचा धोका खरा आहे, हे त्यांनी कधी नाकारलं नाही. ‘उगाच घाबरता’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. आम्ही मिळून ठरवलं की हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ सकाळ-संध्याकाळ एकदाच बघायची. यलो असेल तर दुकान चालू, रेड आला की माल माळ्यावर. यंदा तसंच केलं. माल वर चढवला आणि झोपले. झोप लागली.

उणिवाही आहेत. सुरुवातीला भरायला दिलेले फॉर्म पुस्तकी मराठीत होते, निम्मे प्रश्न मला मॅडमना विचारून भरावे लागले. ऑनलाइन भेटीत पावसात रेंज जाते. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं, बोलायला कोपरा मिळेना. त्यासाठी मॅडमनी आधीच तारखा पुढे-मागे करून दिल्या होत्या. फी माझ्यासारखीला जड जाते आणि माझ्या विम्यात ओपीडीचा खर्च बसत नाही.

कोणाला शोधायचं असेल तर आधी आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते विचारा. औषधं सायकॉलॉजिस्ट देत नाहीत; झोपेसाठी मला काही काळ मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं. फी परवडत नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील तर थांबू नका, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.